जोखमीचा वाटा

गावच्या आमच्या घरी गोठ्याच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी नांगर टेकवून ठेवलेला आहे. तीस-पस्तीस वर्षांत त्याला बैल जुंपलेला नाही. ट्रॅक्टर येतो, सकाळच्या प्रहरात नांगरट उरकतो आणि पुढच्या शेतावर निघून जातो. नांगराचा फाळ झिजून निम्मा झालाय, सांध्यांना गंज चढलाय. मूठ मात्र अजून गुळगुळीत आहे. आजोबांच्या तळव्यांनी ती इतकी घासली गेली, की तिथलं लोखंड आजही काळंभोर चकाकतं.

हा नांगर पहिल्यांदा दारात आला तेव्हा माझ्या पणजीने त्याला हळदकुंकू लावायला नकार दिला होता, असं आजोबा सांगत. काळ्या आईच्या पोटात लोखंड घातलं की जमीन नासते, असं तिचं ठाम मत होतं. लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना हेच उत्तर गावोगाव मिळालं. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, म्हणून शेतकरी नांगराला हात लावेनात. पहिले नांगर बराच काळ गिऱ्हाइकाविना पडून राहिले.

त्या शेतकऱ्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ज्याच्या कणगीत एका हंगामापुरतंच धान्य आहे, त्याचा एक प्रयोग फसला तर वर्षभर पोरं अर्धपोटी राहतात. लाकडी नांगर उथळ चालतो हे त्यालाही दिसत होतं. तो किती पिकवून देतो हे मात्र त्याला बापजाद्यांपासून माहीत होतं. नवा नांगर चालला तर फायदा दोघांचा, कारखानदाराचा आणि त्याचा. नाही चालला तर पीक बुडणार त्याचं एकट्याचं. तोंडाने तो विषाची गोष्ट सांगत होता, पण त्याच्या मनातला प्रश्न वेगळा असणार: जोखीम कोणाच्या माथी?

उद्योगाबद्दल आपण एवढं बोलतो, तरुणांना धाडसाचे धडे देतो, पण हा प्रश्न विचारायचं विसरतो. धाडस चांगलं की वाईट, हे त्याच्या आकारावरून कळत नाही. फसलं तर भोगणार कोण, यावरून कळतं.

लक्ष्मणरावांचं आयुष्य मी या नजरेने पुन्हा वाचलं. 1869 सालचा जन्म. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. मग रंग सोडून यांत्रिक ड्रॉइंग धरलं, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवायला लागले. बढतीच्या वेळी डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकली विकल्या, दुरुस्त केल्या. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं, आणि त्यानंतर नांगर. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर उभं आहे. सायकलच्या दुकानाने यंत्राला हात बसवला, कडब्याच्या यंत्राने शेतकऱ्याचं घर दाखवलं. ज्याला आपण झेप म्हणतो, ती इतक्या पायऱ्या चढून घेतलेली असते.

मग बेळगावातली जागा नगरपालिकेच्या योजनेत गेली. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठे? औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन देऊ केली आणि 10,000 रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. निवडुंगाने भरलेल्या, सापांनी बुजबुजलेल्या त्या माळावर 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. माझ्या मते ही दोन जोखमींची भेट होती. एका माणसाने आपलं सगळं आयुष्य माळावर आणून ठेवलं, आणि एका लहानशा संस्थानाच्या राजाने, ज्याच्या डोक्यावर त्या घडीला छप्पर उरलेलं नव्हतं अशा कारखानदारावर पैसे लावले. देवळाला कळस चढवला असता तर राजाचं नाव निश्चित झालं असतं. इथे निश्चित काहीच नव्हतं.

या कारखान्याने पुढे काय काय केलं ते पाहण्यासारखं आहे. गिऱ्हाइकांना मालाची माहिती व्हावी म्हणून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 मध्ये 'स्त्री' आलं. अस्पृश्यता, अंधश्रद्धा, स्त्रियांचं शिक्षण, विवाहाचं वय यांवरचं रोखठोक लिखाण मराठी घरांत पोचलं, आणि त्यामागे पंपांच्या व नांगरांच्या कारखान्याचा आधार होता. कारखान्याच्या मिळकतीवर उभ्या राहिलेल्या मासिकाला देवस्थानाची भीती बाळगायचं कारण नव्हतं.

आता त्या नांगराच्याच वाटेने आणखी एका माणसाकडे जाऊ. किर्लोस्करांचे नांगर घेऊन खेडोपाडी हिंडणाऱ्यांत कुंभोजचा एक उंचापुरा तरुण होता, भाऊराव पायगोंडा पाटील. त्याआधी त्याने ओगल्यांच्या काच कारखान्याचा मालही विकला होता. नांगर खपवायचा म्हणजे शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावं लागतं, त्याच्या कर्जाची कहाणी ऐकावी लागते, शेतात उतरून चार तास काढून दाखवावे लागतात. अशा फिरतीत माणसाला गावाचं खरं दर्शन होतं. शेतकऱ्याचं पोर हुशार आहे, पण शाळा नाही; शाळा आहे, पण महाराचं पोर बाहेर बसतं. भाऊरावांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीत बसणार, ही अट. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचं नाव देण्यात आलं.

माझे वडील रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. ते सांगत, पाणी आम्हीच ओढायचं, भाकरी आम्हीच थापायची, झाडलोट आम्हीच करायची. पहिल्या दिवशी पंगतीत शेजारी कोण बसलंय हे कळल्यावर त्यांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी भूक जास्त होती. आठवड्याने तोच मुलगा त्यांना गणित शिकवत होता. वडिलांनी ही गोष्ट आम्हां भावंडांना शेकडो वेळा सांगितली असेल, आणि 'हातातच राहिला' या शब्दांशी त्यांचा आवाज प्रत्येक वेळी खाली यायचा.

साताऱ्याच्या त्या पहिल्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. हे आपण भाषणांत त्याग म्हणून सांगतो आणि टाळ्या घेतो. मी तिथे थोडं थांबायला सांगेन. ज्या मुलांसाठी ते सोनं मोडलं, ती पुढे काय होतील हे लक्ष्मीबाईंना माहीत नव्हतं. 1930 साली त्या गेल्या. संस्थेचा वटवृक्ष त्यांनी पाहिला नाही. आज रयतच्या सातशेहून अधिक शाखा आहेत म्हणून आपल्याला तो व्यवहार शहाणपणाचा वाटतो. त्या दिवशी तो वेडेपणा वाटला असणार, आणि माहेरच्या माणसांनी तसं म्हटलंही असणार.

त्याचबरोबर भाऊरावांनी मुष्टिफंड उभा केला. घरच्या बाईने रोज दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि संस्थेच्या माणसाने ते येऊन न्यायचं. एकीने सगळं सोनं द्यायचं, आणि हजारो जणींनी मूठ मूठ. संस्था या दोन्हींवर उभी राहिली. यात मला हिशेबाची फार मोठी समज दिसते. जोखीम वाटून घेतली की ती कोणाला मारत नाही.

भाऊराव सत्यशोधक विचारांचे, आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते. त्यांच्या पुतळ्याला हार घालताना ही गोष्ट आपल्या लक्षातही नसते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे ते भागीदार. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण या कामांशी त्यांचा संबंध होता. कंत्राटदारी म्हणजे काय, हे ज्याने केलं आहे त्याला विचारा. मजुराचा दाम आठवड्याला द्यायचा, दगड-चुन्याचे पैसे रोख मोजायचे, आणि सरकारी बिल निघेल तेव्हा निघेल. त्या कामातून जोतीरावांना मजुरांचं जगणं जवळून दिसलं, आणि सरकारी खात्यांतली लबाडीही. 'गुलामगिरी'त इंजिनियर खात्यातल्या कामगारांबद्दल त्यांनी लिहिलंय ते ऐकीव नव्हे. आणि कोणाच्या पगारावर अवलंबून नसल्यामुळे ते लिहायला त्यांना कोणाची परवानगी लागली नाही. मुंबईतले रामय्या व्यंकय्या अय्यावारू, जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळोजी काळेवार हे सत्यशोधक समाजाचे मोठे आधारही तेलुगू समाजातले कंत्राटदार होते. त्या काळात सुधारणेचा किती मोठा भार रोख पैसा हाताळणाऱ्या, घामाचा हिशेब कळणाऱ्या माणसांनी वाहिला, याची नोंद आपण पुरेशी ठेवलेली नाही.

ही माणसं आपल्या मातीतली, आणि आपल्या घरात आज काय शिकवलं जातं? 'आधी नोकरी बघ.' धंदा म्हणजे बुडणं, आणि समाजकार्य म्हणजे निवृत्तीनंतरचा वेळ. मुलगा सरकारी परीक्षेच्या अभ्यासाला पुण्याला गेला की आपण त्याला सुरक्षित वाटेला लावला असं समजतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत जाऊन बघा. जागा शेकड्यांनी, अर्ज लाखांनी. तिशी उलटेपर्यंत खोलीभाडं, मेसचे पैसे, क्लासची फी, आणि बापाने विकलेली गुंठ्यांची जमीन. मी त्या मुलांना नावं ठेवत नाही. त्यांच्या कष्टाला सीमा नाही. पण हा धोका आहे, आणि फार मोठा धोका आहे, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. किती वर्षं द्यायची, किती पैसे घालायचे, कुठे थांबायचं, याची वही कोणी घातलेली नसते. ज्या घराला किराणा दुकानाची धास्ती वाटते, ते घर बिनहिशेबी जोखीम निमूट घेतं, कारण तिला नोकरीचं नाव आहे.

दुसरीकडे मोबाइलवरचा सट्टा. सेबीने 2024 साली जाहीर केलं, की त्याआधीच्या 3 आर्थिक वर्षांत शेअरबाजारात वायदे आणि ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. माझ्या ओळखीच्या एका घरात आईच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे असे गेले. मुलगा चांगला, व्यसन कसलं नाही. त्याला वाटलं, आपण उद्योग करतोय. त्या पैशातून एक खिळा तयार झाला नाही, एका माणसाला काम मिळालं नाही, आणि भोगलं ते आईने, जिला कोणी विचारलंही नव्हतं. या दोघांना, घाबरून बसणाऱ्याला आणि डोळे मिटून उडी घेणाऱ्याला, मधली वाट दाखवणारं कोणी नाही, ही माझी तळमळ आहे.

ती वाट मी आमच्याच आळीत पाहिली. आक्का म्हणतो आम्ही तिला. नवरा एसटीत होता, अकाली गेला. आक्काने मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं ठरवलं. पण घ्यायच्या आधी तिने एक अख्खा उन्हाळा वेगळंच काम केलं. आळीतल्या घराघरांतून ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी गोळा करायची, खोबरं-धने-तीळ भाजून घ्यायचे, टेम्पोत घालून तालुक्याच्या डंकावर न्यायचं आणि चटणी कुटून घरपोच द्यायची. किलोमागे थोडी हमाली. लाल पुठ्ठ्याच्या वहीत ती रोज लिहायची: कोणाची किती मिरची, कोणी पैसे लगेच दिले, कोणी थकवले, कोणी पुन्हा बोलावलं. वहीची पानं चटणीने तांबूस झालेली, उघडली की ठसका लागायचा.

उन्हाळा संपल्यावर तिला तीन गोष्टी कळल्या होत्या. हंगामात किती मण माल येतो. उरलेले आठ-नऊ महिने यंत्र रिकामं राहणार, म्हणून त्याच जागेत पिठाची गिरणी लागेल. आणि दोन हंगाम तोटा आला तर तेच यंत्र कोण कितीला घेईल. तिसरी गोष्ट तिने यंत्र विकणाऱ्यालाच विचारून ठेवली होती. बचत गटातून कर्ज काढलं तेव्हा गटातल्या बायकांना तिने सांगितलं, हप्ता चुकला तर माझी म्हैस विकेन, तुमच्या पैशाला धक्का लागणार नाही. म्हैस विकायची वेळ आली नाही. पण तिने ती मनात आधीच विकून ठेवली होती.

कामाला तिने दोन बायका ठेवल्या. त्यातली एक नवऱ्याने टाकलेली. तिला गावात कोणी कामावर घेत नव्हतं. शनिवारी आधी त्यांचे पैसे, मग गटाचा हप्ता, मग उरलं तर आक्काचं. दुसऱ्या वर्षी तिने त्या बाईच्या मुलीची नर्सिंगच्या कोर्सची पहिली फी भरली. मुलीचं लग्न ठरवायची घाई चालली होती. भावकीतले चार जण आक्काच्या दारात आले: पोरगी शिकून परत आली नाही तर, शिक्षण अर्धवट टाकलं तर, पैसे कोण देणार? आक्का म्हणाली, "बुडालं तर माझं बुडत्याल. तुमचं काय जातंय?"

मी अनेक प्रबोधनपर व्याख्यानं ऐकली आहेत, दिलीही आहेत. या दोन वाक्यांइतकं नेमकं मला कधी बोलता आलं नाही.

आक्काच्या या देण्यासमोर आपलं दान पाहा. गावाच्या वेशीवर कमान, मंगल कार्यालयाला पंखे, सप्ताहाची पंगत. देणाऱ्याच्या भावनेबद्दल मला शंका नाही. पण या सगळ्या देण्यात धोका शून्य आहे. कमान पडत नाही, पंगत फसत नाही, आणि पाटीवर नाव राहतं. ज्या कामाला खरी गरज असते, ते नेमकं बेभरवशाचं असतं: शाळा सोडलेल्या मुलींचा वर्ग, व्यसनमुक्तीचं केंद्र, भटक्या मुलांचं वसतिगृह, गावकीशी भांडणारी पाण्याची समिती. ते उद्या बंद पडू शकतं. म्हणून आपण 'आधी उभं राहू दे, मग बघू' म्हणतो, आणि आपण न दिल्यामुळेच ते उभं राहत नाही. मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कायद्याने नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करायला लावलंय. ते चांगलंच आहे. पण मजुराचं बिल सहा महिने थकवून जो नफा होतो, त्यातले 2 टक्के कुठेही दिले तरी मजुराची ती सहा महिन्यांची जोखीम कोणी परत करत नाही.

15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं पुढे 'लिज्जत' झालं. पैसे उसने मिळाले छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून, आणि या बायकांनी सुरुवातीपासून एक पथ्य पाळलं: देणगी घ्यायची नाही. नफा झाला तर सगळ्या बहिणींचा, तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम थांबलं. पुढे खाट आणि शेगडी आणली. खाटेवर पापड पसरायचे, खाली शेगडी. 80 रुपये देणाऱ्याने कमान बांधली नाही, भीकही घातली नाही. परत मिळतील की नाही हे ठाऊक नसलेले पैसे त्याने कष्टाळू हातांवर ठेवले.

मराठी मध्यमवर्गाकडे माझं मागणं लहान आहे. मुदत ठेवीतला एक छोटा हिस्सा, जो बुडाला तर तुमचं औषधपाणी अडणार नाही, तो आळीतल्या, गावातल्या एखाद्या तरुण हातावर ठेवा. ठेवण्याआधी त्याची वही मागा. वही नसेल तर पैसे देऊ नका. वही घालायला शिकवा. त्याने तिसऱ्याच्या माथी जोखीम टाकली असेल, आईचं घर गहाण ठेवलं असेल, कामगाराचा पगार उधारीवर ढकलला असेल, तर त्याला थांबवा. आणि वही चोख असूनही तो बुडाला, तर चारचौघांत त्याला बुडालेला म्हणून दाखवू नका. त्याला पुन्हा बोलवा, पुन्हा वही मांडायला सांगा. आपल्याकडे माणूस तोट्याने मरत नाही, तोट्यानंतरच्या कुजबुजीने मरतो.

आम्ही निवृत्त शिक्षक पाच जण आहोत. पेन्शनमधून काही रक्कम बाजूला काढली आहे. शेजारचा एक मुलगा, कृषी पदविका झालेला, ठिबक सिंचनाच्या दुरुस्तीचं काम सुरू करू म्हणतोय. संच बसवून देणारे पुष्कळ आहेत. नळ्या चोंदल्या, फिल्टर बिघडला की यायला कोणी नाही. मोटारसायकलवर हत्यारांची पेटी घेऊन तो गावोगाव जाणार. पंधरा दिवस तीन गावांत हिंडून त्याने बांधावर बसून शेतकऱ्यांना विचारलंय, वर्षातून किती वेळा अडतं, कितीला दुरुस्त करून घ्याल. त्याच्या आईला वाटतं, त्याने तलाठ्याचा फॉर्म भरावा. तिच्याशीही आम्ही बोललो. तुमच्या घराला आणि सोन्याला हात लागणार नाही, हा शब्द आम्ही दिलाय, आणि तो कागदावर लिहूनही दिलाय.

रविवारी सकाळी नऊला तो वही घेऊन आमच्या ओट्यावर येणार आहे. आक्कालाही बोलावलंय. आम्ही पाचही जण मुलाचं कौतुक करण्यात वेळ घालवू. आकडे ती तपासेल.